जपून ठेवलेले सिलेक्शन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेण, हमरापूर, जोहे भागातल्या गणेशमूर्तींचा कॅटलॉग करताना सर्वांत किचकट काम असते ते मूर्तीची कड धरण्याचे. मुकुटाची टोके, कानामागची पोकळी, सोंड आणि हात यांच्यामधली चिंचोळी फट, या सगळ्यांतून सिलेक्शनची रेघ फिरवावी लागते. एवढी मेहनत दुसऱ्यांदा करावी लागू नये म्हणून सिलेक्शन मास्कच्या रूपात जपून ठेवण्याची सोय फोटोशॉपमध्ये आहे, तशीच मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही आहे.

फाइल सेव्ह केली की सिलेक्शनही टिकते, हा पहिला गैरसमज. कडेने धावणाऱ्या तुटक रेषा फाइल बंद होताच नाहीशा होतात, आणि ‘रीसिलेक्ट’ फक्त शेवटचे सिलेक्शन परत आणते. सिलेक्शन टिकवायचे तर फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्ट’ मेनूतून ‘सेव्ह सिलेक्शन’ करून त्याला नाव द्यावे लागते. मग ते ‘चॅनेल्स’ पॅनलमध्ये अल्फा चॅनेल म्हणून दिसते आणि ‘लोड सिलेक्शन’ने हवे तेव्हा परत आणता येते. जेपीईजी फाइलमध्ये हा चॅनेल मावत नाही. मूळ काम पीएसडी किंवा टिफमध्ये, गिंपमध्ये एक्ससीएफमध्ये ठेवायलाच हवे. ग्राहकाला पाठवायची जेपीईजी ही त्याची फक्त प्रत.

मास्क म्हणजे ‘आत की बाहेर’ एवढाच हिशेब, ही समजूत अधिक नुकसान करते. वास्तविक मास्क हे करड्या छटांचे चित्र असते. आठ बिटच्या फाइलमध्ये त्याच्या 256 पायऱ्या असतात: पांढरे म्हणजे पूर्ण निवडलेले, काळे म्हणजे वगळलेले, मधले करडे म्हणजे अंशतः निवडलेले. रोह्याला कुंडलिकेवर पहाटे उतरलेल्या धुक्याचा फोटो घेतला, तर झाडे कुठे संपतात आणि धुके कुठे सुरू होते हे रेघ ओढून सांगता येत नाही. तिथे करड्या छटाच उपयोगी पडतात. तुटक रेघ मात्र निम्मी निवड जिथे होते तिथूनच जाते. त्याहून कमी निवड रेघेबाहेर असते, पण परिणाम तिच्यावरही होतो. म्हणून रेघेवर विसंबण्यापेक्षा चॅनेलवर क्लिक करून मास्क प्रत्यक्ष पाहणे केव्हाही चांगले.

मास्क जपल्याने फोटो कापला जातो, ही भीती निराधार आहे. मूळ पिक्सेलना धक्का लागत नाही, फाइलचा आकार तेवढा वाढतो.

एकदा केलेला मास्क कुठल्याही फोटोला बसतो, असेही मानले जाते. एकाच साच्यातून निघालेल्या, पण पितांबराचे रंग वेगवेगळे असलेल्या मूर्ती पाटावरच्या त्याच खुणेवर ठेवल्या आणि कॅमेरा ट्रायपॉडवरून हलवला नाही, तर एक मास्क सगळ्यांना जवळजवळ चपखल बसतो. फोटोशॉपमध्ये दुसऱ्या फाइलमधून तो लोड करताना दोन्ही फाइली उघड्या असाव्या लागतात आणि त्यांची पिक्सेलमधली लांबी-रुंदी तंतोतंत सारखी असावी लागते. मूर्ती केसभर सरकली असेल, तर ‘ट्रान्सफॉर्म सिलेक्शन’ने फोटोला हात न लावता नुसती निवड सरकवून घेता येते.