विशेष शाळेच्या मुख्याध्यापिकेला पुरस्कार द्यायचा, तर कशासाठी?

दरवर्षी ३ डिसेंबरला दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते दिव्यांगजन सशक्तीकरणाचे राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये हा दिवस अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला, त्यामुळे ही तारीख. पुरस्कारांचे गट बरेच असतात. स्वतः दिव्यांग असलेल्या व्यक्ती, दिव्यांग मुलं, त्यांना नोकरी देणारे मालक, त्यांच्यासाठी झटणाऱ्या संस्था, संशोधक, पुनर्वसन क्षेत्रातले व्यावसायिक. पण विशेष मुलांच्या शाळेचा गाडा ओढणाऱ्या मुख्याध्यापकासाठी वेगळा गट काही दिसत नाही. त्यांना ‘व्यक्ती’ किंवा ‘पुनर्वसन व्यावसायिक’ या रकान्यात बसवावं लागतं.

या रकान्यांशी माझी ओळख झाली ती एका अर्जामुळे. आमच्या बरकतपुऱ्यात, चमनपासून आत गेलेल्या एका गल्लीत, बौद्धिक अक्षम मुलांची एक लहानशी शाळा आहे. माझा चुलतभाऊ तिथे जातो. पालकांनी ठरवलं की यंदा मॅडमचं नाव पाठवायचं. अर्ज ऑनलाइन आणि टायपिंग येतं मला, म्हणून काकूने मला पुढे केलं. मॅडम काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरातल्या, मुलांशी तेलुगूत आणि उर्दूत बोलतात, माझ्याशी मराठीत. “अगं, लिहिण्यासारखं काय आहे? शाळा चालवते, एवढंच,” त्या म्हणाल्या. मी ते नम्रता समजून सोडून दिलं नाही, कारण शाळा चालवणं म्हणजे नेमकं काय, हेच तर लिहायचं होतं.

आधी थोडं बाहेरचं. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या प्रशासकांची स्वतंत्र संघटनाच आहे आणि हॅरी सेल्झनिक यांच्या नावाचा सन्मान ती आपल्यातल्याच एखाद्या प्रशासकाला देते. ही संघटना ज्या मोठ्या परिषदेचा भाग आहे, तिच्या पहिल्या अध्यक्षा एलिझाबेथ फॅरेल. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीटवरच्या सरकारी शाळेत त्यांनी, नेहमीच्या वर्गात न टिकणाऱ्या मुलांचा एक वर्ग घेतला. १९०६ मध्ये शहरातल्या अशा सगळ्या वर्गांची देखरेख त्यांच्याकडे आली आणि १९२२ मध्ये परिषद स्थापन झाली. शिक्षिकेची प्रशासक झाली की तिची माया कुठे जाते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. समोर एक मूल असतं तेव्हा माया दिसते. शंभर मुलं, वीस नोकर आणि एक तोकडं बजेट समोर आलं की तीच माया वेळापत्रकात आणि पगारपत्रकात उतरवावी लागते. तिथे ती कुणाला दिसत नाही.

आता आमच्या गल्लीतली शाळा. मूल आलं की आधी त्याला काय काय येतं ते तपासतात. मद्रासमध्ये तयार झालेली एक तपासणी-यादी आपल्याकडे बरीच वापरतात. तिच्यात कौशल्यांचे १८ गट आहेत, प्रत्येकात २० पायऱ्या, म्हणजे एकूण ३६०. स्वतः घास घेतो का, बटण लावतो का, पैसे ओळखतो का, अशा. त्यावरून त्या मुलापुरता वर्षाचा आराखडा ठरतो. हे काम शिक्षिकांचं. मॅडमचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आमच्याकडे सगळे ‘सदरम सर्टिफिकेट’ म्हणतात ते अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर आसरा पेन्शन नाही, बसचा पास नाही. त्यासाठी आई-वडिलांना कुठल्या कॅम्पला, कोणते कागद घेऊन पाठवायचं, हे मॅडमना तोंडपाठ. सविस्तर तपासणी हवी असेल तर बोवेनपल्लीकडे मनोविकासनगरला पाठवतात. तिथे १९८४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तिचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण ऑटोवाल्याला अजून ‘एनआयएमएच’च सांगावं लागतं.

अर्जात ‘लाभार्थींची संख्या’ विचारली होती, ती भरली. ‘प्रसिद्धी’ विचारली होती, तिथे दोनच कात्रणं निघाली. मग मी मॅडमना पगाराचं विचारलं, कारण एका आयम्माने मला सांगितलं होतं की देणग्या लांबल्या की त्यांचे पैसे सगळ्यांत आधी मिळतात, मग शिक्षिकांचे, शेवटी मॅडमचे. मी म्हटलं, हे लिहू या. मॅडम म्हणाल्या, “नक्को. त्यात दया कसली? आयम्मा गेली तर सहा मुलांचं शी-शू कोण काढणार? दुसऱ्या दिवशी वर्ग बंद. हा हिशेब आहे.” मला ते उत्तर फार आवडलं. ज्याला आपण करुणा म्हणतो ते जेव्हा हिशेब म्हणून रोजच्या कामात बसतं, तेव्हाच ते टिकतं. मॅडम आजारी पडल्या तरी आयम्माचा पगार आधीच होणार, कारण तसा शिरस्ता पडलाय.

दुसरी गोष्ट ‘नाही’ म्हणण्याची. आठ मुलांमागे एक शिक्षिका, त्यापुढे वर्गात मूल घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. म्हणजे नकार देणं आलंच. पण नुसता नकार देऊन त्या कुणाला दारातून परत पाठवत नाहीत. दुसऱ्या शाळेत स्वतः फोन लावतात, जागा आहे का विचारतात, नाव आणि वेळ कागदावर लिहून देतात, आणि महिन्याभराने त्या आईला फोन करून मूल कुठे लागलं ते विचारतात. त्यासाठी एक वेगळी वही आहे. प्रवेश मिळालेल्या मुलांचं रजिस्टर सगळ्याच शाळांत असतं. न मिळालेल्यांची वही मी इथेच पाहिली. अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता.

मराठी वाचकांना या क्षेत्रातली काही नावं ठाऊक असतील. मुंबईत हॉर्मसजी आणि जेरबानू वकील या पारशी दांपत्याने १९४४ मध्ये आपल्या लेकीसाठी, दीनासाठी, जी शाळा सुरू केली ती आजची जय वकील. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये कामायनी काढली. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, त्यांचा मुलगा गौतम विशेष मूल होता. यातल्या दोन शाळा आईबापांच्या पोटतिडकीतून उभ्या राहिल्या. आपले सत्कार, मानपत्रं, दिवाळी अंकांतले लेख बहुतेक अशा संस्थापकांवर असतात, आणि ते रास्तच आहे. पण संस्थापक गेल्यावर शाळा चालवतो कोण? जिचं स्वतःचं मूल तिथे नाही, जी पगारावर आली आणि पंचवीस वर्षं राहिली, अशी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली मुख्याध्यापिका. पोटच्या पोरासाठी रात्र जागवणं आपल्याला समजतं. परक्या चाळीस पोरांची व्हॅन साडेआठला निघते की नाही हे रोज बघणाऱ्या बाईला काय म्हणायचं, यासाठी आपल्याकडे शब्दच कमी आहेत. पुरस्कार द्यायचाच तर मी तो इथे देईन.

मात्र एक शंका मनात राहतेच. ‘कनवाळू नेतृत्वा’चा गौरव करणं स्वस्त पडतं. विशेष शिक्षिकेचा पगार शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेपेक्षा कमी असतो, आयम्माचा त्याहून कमी, आणि वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन आपण मोकळे होतो. त्यांची सेवावृत्ती वाखाणली की पगाराचं विचारायला नको. म्हणून माझ्या मते असा पुरस्कार देणाऱ्या समितीने शाळेत यावं, पण मुख्याध्यापिकेला भेटायच्या आधी आयम्मांना भेटावं, व्हॅनच्या ड्रायव्हरला भेटावं, ज्यांना प्रवेश मिळाला नाही अशा दोन घरी जाऊन यावं. दहा वर्षांत किती कर्मचारी सोडून गेले ते विचारावं. आणि पुरस्काराची रक्कम शाळेच्या पगारखात्यात जावी.

आता चुलतभावाचं. तो मार्चमध्ये अठरा वर्षांचा होईल. आम्हाला वाटायचं, त्यात काय, वाढदिवस आहे. पण कायद्याने अठरा पूर्ण झाले की आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. बँकेचं खातं, जागेचे कागद, सगळीकडे अडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यासाठी सोय आहे. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते, तिच्यावर एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि अर्ज केला की ती समिती कायदेशीर पालक नेमते. हा कायदा सगळ्या अपंगत्वांना लागू नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरताच आहे. काकूला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, तो सोळाचा झाला त्या आठवड्यात, मॅडमनी तिला बोलावून घेतलं. “वहिनी, आजपासून एक फाईल करा,” म्हणाल्या आणि पहिला कागद स्वतःच घातला, शाळेचा दाखला. सोळा झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी हेच होतं.

एक प्रश्न मात्र त्या फाईलने सुटत नाही. अठरानंतर तो दिवसभर कुठे जाणार? कामायनीसारख्या ठिकाणी मोठ्या मुलांसाठी उद्योगकेंद्र आहे. या गल्लीत जागा नाही. गच्चीवर पत्रे टाकून लिफाफे आणि कागदी पिशव्यांचं काम सुरू करायचं मॅडमच्या डोक्यात आहे, घरमालक अजून हो म्हणत नाही.

अर्ज आम्ही शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पाठवला. ‘विशेष कामगिरी’च्या जागेत मी सोळाव्या वर्षाच्या फाईलचं लिहिलं आणि न मिळालेल्या प्रवेशांच्या वहीचंही. पगाराचं वाक्य मॅडमनी खोडायला लावलं. त्याऐवजी चारही आयम्मांची नावं घालायला सांगितली. पण शब्दमर्यादा संपली होती, म्हणून मी वहीच्या वाक्यातली दोन विशेषणं काढली. तेवढ्यात चौघींची नावं बसली.