कोटणीस कोणत्या कामावर रुजू झाले होते?

परदेशातल्या मानवतावादी संस्थेत नोकरी धरण्याचा विचार करणारे तरुण डॉक्टर आता नाशिकसारख्या शहरातही भेटतात. बोलण्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव हमखास निघते. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटाने ते घरोघरी पोचवले. पण या तरुणांची नोकरी आणि कोटणीसांचे काम एकाच जातीचे नाही, असे माझे मत आहे.

चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर निवडले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे. सप्टेंबरात मुंबईहून बोट निघाली. पाठवणारा राजकीय पक्ष होता आणि जपानी आक्रमणाविरुद्ध तो उघडपणे चीनच्या बाजूचा होता. तटस्थ राहण्याची अट या पथकावर नव्हतीच.

सुरुवातीचे महिने माघारीत आणि वाट पाहण्यात गेले. ऑक्टोबरात वूहान पडले. पथक चुंगकिंगला आले. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिथे कळली, तरी ते परतले नाहीत. येनान गाठायला १९३९चा फेब्रुवारी उजाडला. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी मायदेशी आले. (चोळकरांवर कोणी चित्रपट काढला नाही.) कोटणीस चिनी शिकले, आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले, १९४१मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले आणि १९४२मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. क्वो छिंग-लान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव यिन-ह्वा : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्याच डिसेंबरात अपस्माराने ते गेले.

आज रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीत रुजू होणाऱ्याला यातले निम्मेही करता येणार नाही. ना सैन्यात जाता येते, ना पक्षात. या बंधनाला भित्रेपणा समजू नये. दोन्हीकडच्या नाक्यांवरून रुग्णवाहिका सुटते ती याच भरवशावर, आणि कैद्यांना भेटायची परवानगीही त्यामुळेच मिळते. मात्र त्याची किंमत म्हणजे मौन. बियाफ्राच्या युद्धात ते काही फ्रेंच डॉक्टरांना असह्य झाले; त्यांच्यापैकी काहींनी १९७१ साली पॅरिसमध्ये काही पत्रकारांसह ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ स्थापली. ती संस्थाही तटस्थ आहे, पण डोळ्यांदेखत घडलेले बोलण्याचा हक्क राखून.

करारपत्र हातात आले, की पगार आणि रजेआधी मी हे कलम शोधायला सांगतो.