लंपी चर्मरोगाचा विषाणू आणि जनुकीय पुनर्संयोजन

एकाच पेशीत दोन निकटवर्ती विषाणू एकाच वेळी वाढत असतील, तर त्यांच्या जनुकसंचांतील तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू निर्माण होऊ शकतो. या प्रक्रियेस पुनर्संयोजन म्हणतात.

लंपी चर्मरोगाच्या विषाणूचा डीएनए सुमारे दीड लाख आधारक-जोड्यांचा असून तो अतिशय संथपणे बदलतो, असे मानले जात असे. २०१७ मध्ये रशियातील सारातोव्ह प्रदेशात आढळलेल्या विषाणूने या समजुतीस तडा दिला. त्याचा जनुकसंच बव्हंशी दक्षिण आफ्रिकेतील नीथलिंग लसीच्या विषाणूसारखा होता. मात्र त्यात ठिकठिकाणी केनियातील विषाणूशी जुळणारे तुकडे होते. लस टोचलेल्या जनावरास रोगाचाही संसर्ग होऊन हे मिश्रण घडले असावे, हा पहिला तर्क. तो स्वाभाविकच होता. परंतु पुढे कझाकस्तानात वापरलेल्या एका लसीतच अनेक विषाणू व त्यांचे पुनर्संयोजित प्रकार सापडले. म्हणजे ही अदलाबदल बहुधा लसनिर्मितीच्या वेळीच झाली होती. येथे दोष लसीकरणाचा नव्हे, लसीच्या शुद्धतेकडे झालेल्या दुर्लक्षाचा आहे. असे विषाणू पुढे चीन, व्हिएतनाम व थायलंडमध्येही आढळले.

भारतातील २०२२ च्या साथीतील अभ्यासलेले विषाणू या गटातील नव्हते. तथापि आपल्याकडे गायींना शेळ्यांच्या देवीची जिवंत लस दिली गेली, हे येथे विसरून चालणार नाही. शिवाय एकाच जनुकावर बेतलेली चाचणी पुनर्संयोजित विषाणूस कधी लसीतला, तर कधी साथीचा ठरवते. त्याची खरी ओळख पटण्यास संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करावे लागते.