एकसष्टावं मूल

जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. पट साठ, शिक्षक दोन. जूनमध्ये वीटभट्टीवरून परतलेलं एक कुटुंब गावात राहायला येतं आणि त्यांची मुलगी पहिलीत दाखल होते. जनरल रजिस्टरात एक ओळ वाढते, एवढंच. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन. म्हणजे त्या एका ओळीनं शाळेला तिसऱ्या शिक्षकाचा हक्क मिळवून दिला!

आता पाटी-पेन्सिल घेऊ. महाराष्ट्रात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार महिना २९,२०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता, घरभाडं हे सगळं तूर्त बाजूला ठेवू. दोन शिक्षकांचं वर्षाचं मूळ वेतन होतं ७,००,८०० रुपये. साठांनी भागलं की दर मुलामागे ११,६८०. तीन शिक्षकांचं होतं १०,५१,२००, ते एकसष्टांनी भागलं की १७,२३३. एक मुलगी आली आणि कागदावर प्रत्येक मुलामागचा खर्च साडेपाच हजारांनी वाढला. बाकीच्या साठ मुलांच्या दप्तरात मात्र एक वहीसुद्धा वाढलेली नाही.

‘सरकार एका मुलाच्या शिक्षणावर वर्षाला इतके रुपये खर्च करतं’ असं वाक्य वाचलं की वाटतं, मंत्रालयात कुठेतरी प्रत्येक मुलाच्या नावाचं पाकीट असेल आणि त्यात दरवर्षी तेवढी रक्कम पडत असेल. तसं पाकीट कुठेच नाही. पैसा शाळेत येतो तो वेगवेगळ्या वाटांनी, आणि प्रत्येक वाटेचं मोजमाप निराळं. कुठे मूल मोजतात, कुठे शाळा मोजतात, कुठे शिक्षक. ‘मुलामागचा खर्च’ हा आकडा वर्षाच्या शेवटी भागाकारातून जन्माला येतो.

यातली सर्वांत नेमकी वाट शालेय पोषण आहाराची. इथे सरकार अक्षरशः मूल आणि दिवस मोजतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल; त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. धान्य केंद्राकडून येतं. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांच्यासाठी मे २०२५ पासूनचा दर आहे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. त्यातले ४ रुपये ७ पैसे केंद्राचे, २ रुपये ७१ पैसे राज्याचे. खिचडीच्या एका ताटात दिल्ली आणि मुंबई साठ-चाळीसच्या प्रमाणात बसलेली असतात, आणि हिशेब पैशापर्यंत चोख. कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरायला हवी. म्हणजे रोज हजर राहणाऱ्या मुलामागे वर्षाचे १,३५६ रुपये आणि २० किलो धान्य. म्हणून तर आज किती मुलं जेवली ही संख्या शाळेला रोजच्या रोज कळवावी लागते. मूल गैरहजर राहिलं की त्या दिवसापुरता त्याचा हिशेब थांबतो.

दुसरी वाट वर्षातून एकदाच येणाऱ्या गोष्टींची. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये धरले आहेत, प्राथमिकच्या पाठ्यपुस्तकांसाठी २५० पर्यंत. इथेही मूलच मोजलं जातं, पण हजेरी नव्हे, नाव.

तिसरी वाट मात्र जिन्यासारखी पायऱ्यांची आहे. खडू, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खेळाचं साहित्य यांसाठी शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभर असेल तर २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. आता गंमत बघा. तीस मुलांच्या शाळेत या अनुदानाचे मुलामागे ३३३ रुपये पडतात, एकतीस मुलांच्या शाळेत ८०६, आणि हजार मुलांच्या शाळेत ७५. झाडू तोच, वीजबिलाचा स्थिर आकारही तोच. लहान शाळेला तो थोड्या मुलांत वाटावा लागतो, मोठ्या शाळेला भरपूर मुलांत. या पायऱ्या त्याच विचारानं बांधल्या आहेत. पण एकतिसावं मूल शाळेसाठी पंधरा हजारांचं ठरतं आणि बत्तिसावं शून्याचं, हेही त्याच पायऱ्यांमुळे.

साठ मुलांच्या आपल्या शाळेत या तीन वाटांची बेरीज केली तर मुलामागे होतात सुमारे २,६२० रुपये. फक्त मूळ वेतनाचे ११,६८० त्याशेजारी ठेवून पाहा. शाळेवरचा खर्च म्हणजे मुख्यतः शिक्षकाचा पगार, आणि तो मुलांच्या संख्येनुसार रोज हलत नाही. तो हलतो संचमान्यतेत. ३० सप्टेंबरच्या पटावर किती पदं मंजूर ती तिथे ठरतात, म्हणून त्या तारखेच्या आसपास मुख्याध्यापकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पद मंजूर झालं म्हणजे माणूस लगेच येतो असंही नाही. शिवाय नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो आणि त्याला महिना १६,००० मानधन मिळतं. समजा, आपल्या शाळेत दोघंही शिक्षणसेवक असते, तर पगाराचा खर्च मुलामागे ६,४०० वर आला असता. मुलं तीच, पुस्तकं तीच, वर्ग तोच. आकडा निम्म्यावर, कारण गुरुजी तरुण आहेत.

हा पैसा मुळात येतो कुठून? प्राप्तिकर भरणाऱ्यांना ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ओळखीचा आहे. २००४ मध्ये तो २ टक्के शिक्षण उपकर म्हणून सुरू झाला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का जोडला गेला, आणि २०१८ मध्ये आरोग्याला सोबत घेऊन तो ४ टक्के झाला. शहरातल्या घरपट्टीच्या बिलावरही राज्याचा शिक्षण उपकर असतो. त्याचा कायदा १९६२ चा, आणि त्यात बागायती जमिनीतल्या नगदी पिकांवरच्या आकारणीचीही तरतूद आहे. पण पगाराचं मोठं ओझं उपकर पेलत नाहीत. ते राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून जातं, म्हणजे जीएसटी, मुद्रांक शुल्क, पेट्रोलवरचा कर या सगळ्यांतून. गावातल्या टपरीवर बिस्किटाचा पुडा घेणाराही शाळेला हातभार लावत असतो.

ही व्यवस्था इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला. त्याचे दोन भाग रस्त्यांना, एक भाग शाळांना. रुपयाच्या १९२ पैंपैकी शाळेच्या वाट्याला ४ पै. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमकं याच हिशेबावर बोट ठेवलं: सरकारी महसूल येतो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. पैसा कोणाकडून येतो आणि कोणाच्या मुलापर्यंत पोहोचतो, हे दोन रकाने त्यांनी शेजारीशेजारी ठेवले. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीरात. त्या दोन्हींच्या मधल्या काळात, १९११ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्या मतदानानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी, १ एप्रिल २०१० रोजी, शिक्षण हक्क कायदा लागू झाला.

या कायद्यानं अंतरही मोजलं. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. हे सपाटीवर सोपं आहे. सह्याद्रीतल्या वाड्या, सातपुड्यातले पाडे, मराठवाड्यातले तांडे इथे एका किलोमीटरच्या वर्तुळात मुलंच मोजकी. २०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि २९,७०७ शिक्षक. सरासरी एका शाळेत साडेबारा मुलं. आपला मूळ वेतनाचा हिशेब बारा मुलांच्या शाळेला लावा: तेच दोन शिक्षक, तेच ७,००,८०० रुपये, पण मुलामागे ५८,४००. साठांच्या शाळेच्या पाचपट. पाड्यावरच्या मुलाला पाचपट चांगलं शिक्षण मिळतं असा याचा अर्थ कुणी काढणार नाही. त्या ५८,४०० मध्ये डोंगराची उंची आहे, पावसाळ्यात ओलांडाव्या न लागणाऱ्या ओढ्याची किंमत आहे. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढायच्या, तोरणमाळ आणि पानशेतसारख्या, हा प्रस्ताव आला तेव्हा वाद पेटला तो इथेच. शाळा लांब गेली की पगाराचा भागाकार उतरतो, पण वाहनाचा खर्च चढतो, आणि सहा वर्षांच्या मुलीनं बसची वाट पाहण्यात घालवलेला वेळ कुठल्याच रकान्यात येत नाही.

भागाकाराची सर्वांत मोठी करामत मात्र पुढेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार खासगी शाळांनी २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि सरकारनं त्यांची भरपाई करायची. किती? सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर जेवढं खर्च करतं तेवढी, किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी कमी ती. महाराष्ट्रात ही रक्कम वर्षाला १७,६७० रुपये राहिली आहे. कोविडकाळात शाळा बंद होत्या तेव्हा ती ८,००० वर आणली होती. आता विचार करा. सरकारी शाळेतलं मूल या योजनेतून खासगी शाळेत गेलं, तर सरकारी शाळेतला भाजक एकानं घटतो. शिक्षक तितकेच, पगार तितकाच. म्हणजे उरलेल्या मुलांमागचा खर्च वाढतो, तोही एका पैशाची सोय न वाढता. सरकारी शाळा जितकी रिकामी, तितकी ती कागदावर ‘महाग’. आणि एकदा ती महाग दिसू लागली की ती बंद का करू नये, असा प्रश्न विचारायला तोच आकडा पुढे केला जातो.

म्हणून मुलामागच्या खर्चाचा आकडा समोर आला की आधी त्याचे तुकडे करावेत: ताटात किती पडलं, पगारात किती गेलं, अंतरानं किती खाल्लं, आणि भागलं ते नेमक्या किती मुलांनी. हे तुकडे गावातच मिळतात. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे त्यांचंच काम. मंत्रालयातली सरासरी त्यांना बदलता येणार नाही. पण पंचवीस हजारांतून यंदा संडासाचं दार आधी की पाण्याची टाकी, हे त्यांच्या सहीवाचून ठरू नये, इतका अधिकार कायद्यानं त्यांच्या हातात दिला आहे.