ठरावातून निर्धाराकडे

गटाचं खातं उघडताना बँक ठरावाची प्रत मागते. ठरावाला इंग्रजीत म्हणतात ‘रेझोल्यूशन’. त्याच घरातला शब्द आज आम्ही आणलाय, ‘रेझोल्यूटली’. अर्थ, निर्धाराने, ठरवलं त्यापासून न हटता.

शेवटचं ‘ली’ आपल्या ‘ने’सारखं. निर्धार, निर्धाराने. काम कसं केलं ते हा शब्द सांगतो. ‘दे स्टूड रेझोल्यूटली’ म्हणजे, त्या निर्धाराने उभ्या राहिल्या.

हट्टाने म्हणायचं तर शब्द वेगळा, ‘स्टबर्नली’. हट्टी माणूस कुणाचं ऐकत नाही. निर्धारी माणूस सगळ्यांचं ऐकतो, विचार करून ठरवतो आणि मग मागे फिरत नाही.

आपल्याकडचं दारूबंदीचं मतदान आठवा. दुकान बंद व्हायला ‘आडव्या बाटली’ला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण! म्हणजे घरी राहिलेली बाई नकळत दुकानालाच हात देते. म्हणून दारोदार जायचं, म्हाताऱ्या आजीलाही केंद्रावर न्यायचं, दमदाटीला बधायचं नाही.

ठराव वहीत लिहिला, ते रेझोल्यूशन. तो तडीस नेला, तो रेझोल्यूटली. येत्या बैठकीत हा शब्द वापरून एक वाक्य प्रत्येकीने करा.