विहिरी आटतात, जमीन का खचत नाही?

पिंपळगाव बसवंतला पाऊस बरा झाला की भाद्रपदात विहिरी काठोकाठ भरतात. एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी उरकेपर्यंत त्याच विहिरींचा तळ दिसू लागतो. इतका उपसा होऊनही जमीन जागची हलत नाही. कॅलिफोर्नियात मेंडोटा गावाजवळ मात्र १९२५ ते १९७७ या काळात ती सुमारे ९ मीटर खाली गेली. जोसेफ पोलंड हे भूवैज्ञानिक एका खांबाशेजारी उभे असल्याचा तिथला फोटो प्रसिद्ध आहे. १९२५मध्ये जमीन कुठे होती ते दाखवणारी पाटी त्यांच्या डोक्यावर कितीतरी उंच, खांबाच्या टोकाशी दिसते.

तिथे खाली नदीचा गाळ आहे. वरचं ओझं पेलायला कणांमधल्या पाण्याचा दाब हातभार लावतो. पाणी उपसलं की चिकणमातीचे थर दबतात. ओल्या वर्षी पाण्याची पातळी चढते, जमीन जराशी वर येतेही, पण दबलेला थर बहुतांशी दबलेलाच राहतो. त्यातली साठवण कायमची गेली.

पिंपळगावखाली आहे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. ओझं दगडच पेलतो, म्हणून जमीन बसत नाही. (उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा वरची माती आकसल्यामुळे पडतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही.) पण हा दगड साठवण्यात कंजूष. पाणी राहतं मुरमात आणि भेगांत, आणि हाती लागतं ते खडकाच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के. २ टक्के धरले तर १०० मिलिमीटर पाणी मुरताच पातळी ५ मीटर चढते आणि तेवढाच उपसा झाला की ५ मीटर उतरते. मुरूम भरला की पुढचा पाऊस ओढ्याने कादवा-गोदावरीला जातो. म्हणजे सुकाळाची शिल्लक दुष्काळापर्यंत पुरत नाही. दोन वर्षं धो धो पडलं तरी तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला की टँकर येतोच.

यावर उपाय म्हणून विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिकचा कागद घातलेलं शेततळं भरायची चाल पडली आहे. मला ती पटत नाही. सगळ्यांच्या खडकातलं पाणी एकाच्या तळ्यात जातं आणि वर त्याची वाफही होते. ओहोळ वाहत असताना तळं भरलं तर गोष्ट वेगळी. जवळच्या ओझरला वाघाड धरणाच्या पाणी वापर संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून विहिरींचं पाणी वाढवलं, तो मार्ग बरा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. गावात अशी विहीर असेल तर ऑक्टोबरचा आकडा मागून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. उन्हाळ्यात किती बागा जगवता येतील, याचा अंदाज त्यावरून गोडी छाटणीच्या हंगामातच बांधता येतो.