रस्ता ओलांडताना चढ-उतार कोणी करायचा?

रस्ता सर्वांचा : लेखांक ९

गेल्या आठवड्यात फुटपाथची रुंदी पाहिली. पण रुंदातला रुंद फुटपाथही कुठेतरी तुटतो. गल्लीचं तोंड आडवं येतं, शाळेचं फाटक समोरच्या बाजूला असतं, भाजी पलीकडे मिळते. तिथे चालणारा खाली उतरतो, जीव मुठीत धरून पलीकडे जातो आणि पुन्हा वर चढतो. झेब्रा पट्टे असतात, पण ते गाडीला फक्त विनंती करतात. त्या विनंतीला कितीजण मान देतात, हे शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहिलं की कळतं.

उंचावलेलं क्रॉसिंग हा हिशेब उलटा करतं. रस्त्याचा तेवढा पट्टा फुटपाथच्या उंचीला आणायचा, माथा सपाट ठेवायचा आणि गाड्या येतात-जातात त्या दोन्ही बाजूंना उतार द्यायचे. माणूस पातळी न बदलता सरळ चालत जातो. चढ-उतार करायचा तो गाडीने, आणि त्यासाठी तिला वेग कमी करावाच लागतो.

वेगाचं गणित

समजा, उभ्या रिक्षाच्या आडून एक मूल अचानक रस्त्यावर आलं. तुमची गाडी त्याच्यापासून १४ मीटरवर आहे. ते दिसणं आणि ब्रेकवर पाय पडणं यात एक सेकंद जातो असं धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी त्या सेकंदात ८ मीटरच्या थोडी पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. मूल वाचलं. ताशी ५० चा वेग असेल तर त्या पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर संपतात. ब्रेक लागायच्या आधीच धडक, तीही पूर्ण वेगाने. हा फरक चालकाच्या कौशल्याचा नाही, वेगाचाच आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ दर पाचांतला एक.

साधा स्पीडब्रेकर का नको?

आपल्याकडे अपघात झाला की चार दिवसांत एक उंच, आखूड डांबरी उंचवटा उगवतो. त्याने पाठ मोडते, पण वेगाचा प्रश्न सुटतोच असं नाही. आखूड उंचवट्यावरून जोरात गेलं तर धक्का बराचसा टायर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर खाऊन टाकतात. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी यावर काम केलं आणि १९७३ च्या सुमाराला लांबट, गोलसर उंचवटा सुचवला : लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. त्यावरून हळू गेलं तर काही वाटत नाही, पण जसजसा वेग वाढतो तसतशी अख्खी गाडी डोलते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातही हीच मापं आहेत. आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर टेपने मोजून पाहा. मीटरभर लांबीचा निघाला तर तो या हिशेबात बसत नाही.

उंचावलेल्या क्रॉसिंगचं तत्त्व हेच, फक्त मधे चालायला सपाट जागा. ती किमान तीन मीटर तरी हवी. बसमार्ग असेल तर सहा मीटरच्या आसपास, म्हणजे बसची पुढची चाकं उतरायच्या आधी मागची वर आलेली असतील आणि आतल्या प्रवाशांना हिसके बसणार नाहीत. उंची १० ते १५ सेंटिमीटर. उताराचं प्रमाण एकास दहा ठेवलं, तर १५ सेंटिमीटर चढायला दीड मीटर लागतात. बस, अ‍ॅम्ब्युलन्स वरचेवर जात असतील तर एकास वीस ठेवून तीन मीटर द्यावेत. 'अ‍ॅम्ब्युलन्स अडेल' या आक्षेपाचं उत्तर उताराच्या लांबीत आहे.

फुटपाथच फूटभर उंच बांधलेला असेल, तर? मग रस्ता तेवढा चढवायचा नाही. फुटपाथ हलक्या उताराने १५ सेंटिमीटरवर आणायचा. पादचारी सुविधांच्या मानकाप्रमाणे फुटपाथची कड तशीही १५ सेंटिमीटरहून उंच नसावी.

काम बिघडतं ते कडेला

या क्रॉसिंगची खरी परीक्षा जूनमध्ये होते. रस्त्याला मधून दोन्ही कडांकडे ढाळ असतो आणि पावसाचं पाणी फुटपाथला लागून वाहतं. क्रॉसिंग या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत भरून काढलं की तो आडवा बांध होतो. पहिल्याच मोठ्या सरीत वरच्या अंगाला तळं साचतं, दुकानदार ओरडतात आणि नगरसेवक ते उखडायला लावतात. म्हणून चढाच्या बाजूला, क्रॉसिंगला लागून, जाळीचं चेंबर आधी हवं आणि ते पावसाळी गटाराला जोडलेलं हवं.

काही ठिकाणी यावर सोपा उपाय म्हणून कडेला वीतभर फट सोडतात. पाणी जातं खरं, पण दुचाकीवालेही तिथूनच निसटतात. गटाराकडच्या फटीतून स्पीडब्रेकर चुकवायची कला आपल्याला शिकवावी लागत नाही. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाकही त्याच फटीत अडकतं. फट सोडायचीच तर माथ्याच्या पातळीला येणारी भक्कम जाळी वर बसवायला हवी, आणि तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात.

दुसरी अडचण अंध व्यक्तींची. पांढऱ्या काठीला फुटपाथची कड लागते, तेव्हा पुढे रस्ता आहे हे कळतं. ती कडच आपण काढून टाकली. त्यामुळे दोन्ही टोकांना उठावाच्या ठिपक्यांच्या फरशा लावणं ही सजावट नाही, गरज आहे.

तिसरी अडचण फुटपाथवर चढणाऱ्या गाड्यांची. टोकाला खांब लावतात, पण व्हीलचेअरसाठी त्यांत एक मोकळी जागा ठेवावीच लागते, आणि व्हीलचेअर जाते तिथून स्कूटरही जाते. खांबांनी चारचाकी थांबते. दुचाकीसाठी पोलिसांची पावतीच लागते, हे मान्य करून पुढे जावं.

आणि शेवटी डांबर. जुना थर न खरवडता नवा चढवला की रस्ता चार-पाच सेंटिमीटर वर येतो. असे तीन थर झाले की १५ सेंटिमीटरचं क्रॉसिंग रस्त्यात बुडून जातं. कोणी ते तोडत नाही, तरी ते नाहीसं होतं. निविदेत आधी खरवडण्याचं कलम आहे की नाही, हे म्हणूनच विचारायचं.

कुठे करावं, कुठे नाही

शाळा, दवाखाना, मंडईसमोर, आणि मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. यातली शेवटची जागा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. तिथे गाडी वळणार म्हणजे तशीही हळू होणार. नेदरलँड्समध्ये अशा ठिकाणी फुटपाथ तोडतच नाहीत. मोटारच फुटपाथ ओलांडून गल्लीत शिरते. महामार्गावर, तीव्र चढावर किंवा आंधळ्या वळणावर मात्र हा प्रकार नको. लांब रस्त्यावर एकच क्रॉसिंग केलं, तर चालक ते ओलांडून पुन्हा गाडी पिटाळतो. शंभरेक मीटरवर एक अशी मालिका असली, तर वेग सगळ्या रस्त्यावरच उतरतो.

पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारलं, म्हणजे कागद तयार आहे. अडतं ते मागणीपाशी. 'आमच्या शाळेसमोर स्पीडब्रेकर हवा' असा अर्ज गेला की खरोखर स्पीडब्रेकरच मिळतो. त्याऐवजी लिहावं : फुटपाथच्या पातळीचं क्रॉसिंग, सपाट माथा किमान तीन मीटर, चढाच्या बाजूला जाळीचं चेंबर, दोन्ही टोकांना ठिपक्यांच्या फरशा आणि क्रॉसिंगच्या आधी काही मीटर पार्किंगबंदी. ती नसेल, तर उभ्या गाडीआडून येणारं मूल चालकाला दिसणारच नाही. काम पावसाळ्याआधी पुरं करायची तारीखही अर्जातच घालावी.

पुढील लेखांकात : बसथांबा फुटपाथवर असावा की फुटपाथच्या पुढे?